खजुरीच्या बनात पाहुणीची साक्ष

आधीच सांगते, ह्या लेखात उंटावर बसलेला माझा फोटो नाही. काढला होता, आणि चांगला आला होता, पण टाकावासा वाटत नाही.

ठरलं ते असं. बँकेने सांगितलं की साठलेली रजा डिसेंबरच्या आत संपवा, नाहीतर बुडाली. मी बँकेत कर्जाची कागदपत्रं तपासते. कोणाच्या नावावर काय आहे, सही खरी की खोटी, हेच वीस वर्षं बघतेय. नवरा मिलिंद आयटीत. आमच्या सेंगकांगच्या ब्लॉकमधली मराठी मंडळी सुट्टी म्हटली की जपान नाहीतर स्वित्झर्लंड, आणि परत आल्यावर सगळ्यांचे फोटो एकसारखे. मिलिंद म्हणाला, "वाळवंटातली वस्ती बघायचीय मला. पाणी कसं पुरवतात ते." त्याच्या डोक्यात कधी काय येईल सांगता येत नाही. लेक म्हणाली, "आई, व्हाय डेझर्ट? सो हॉट, लाह. यू ऑलरेडी कम्प्लेन हियर." तिची परीक्षा होती, तिच्यासाठी माझी बहीण पुण्याहून येऊन राहिली, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं मोरोक्कोला निघालो.

जाणाऱ्यांसाठी: आपल्या चांगी विमानतळाहून थेट विमान नाही. आखातात उतरा, चार तास बाकावर काढा, मग कासाब्लांका. तिथून माराकेशला आगगाडी, तीनेक तास, स्वच्छ आणि वेळेवर. माराकेशहून दक्षिणेला झागोरापर्यंत बस, सकाळी निघाली की संध्याकाळ होते. वाटेत ॲटलसचा घाट आहे. आपल्या घाटांची सवय असेल तरी पोटात काही ठेवू नका. मिलिंदने ठेवलं होतं. बसवाल्याने पिशव्या मागच्या सीटवर लटकवलेल्याच असतात, त्याचा अर्थ वेळीच ओळखा.

घाट उतरलो की डोंगर बोडके होत जातात, आणि मग एकदम नदीच्या दोन्ही अंगांना खजुरीचं हिरवं बन सुरू होतं. हात लांब केला तर एका बाजूला हिरवं, दुसऱ्या बाजूला मरणाचं कोरडं. मी "अगंबाई!" असं मोठ्याने म्हटलं आणि पुढच्या बाकावरच्या आजीबाई वळून हसल्या.

ज्या गावात राहिलो त्याचं नाव लिहीत नाही. झागोराहून तासाभरावर आहे, एवढं पुरे. उतरवून घ्यायला यूसुफ आला होता, पंचविशीचा, गाडीही चालवतो आणि गावही दाखवतो. शाळेत आणि पर्यटकांकडून शिकलेलं इंग्रजी उत्तम. आमची सोय हाजींच्या घरी होती. हाजी म्हणजे गावातले सगळ्यात मोठे जमीनदार, सत्तरीचे, पांढरा झगा, मऊ आवाज. मुलगा अनस माराकेशला हॉटेलचं शिकून आलाय, त्याने घराच्या चार खोल्या पाहुण्यांसाठी सजवल्यात. मातीच्या जाड भिंती, आत गारवा, दोन वेळच्या जेवणासकट भाडं आपल्याला परवडेल असं. कार्ड चालत नाही, रोख न्या. शाकाहारी असाल तर "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, सूप कशाच्या पाण्यात केलंय तेही विचारा. मिलिंद चार दिवस अंडी, ऑलिव्ह आणि रोटीवर राहिला आणि खुशीत होता.

पहिल्या रात्री हाजींनी विचारलं, "तुमची जमीन किती?"

मी म्हटलं, "जमीन नाही. सोळाव्या मजल्यावर घर आहे. तेही नव्याण्णव वर्षांच्या कराराने, जमीन सरकारची."

अनसने ते अरबीत सांगितल्यावर हाजी मनापासून हसले. "मग तुम्हीसुद्धा खम्मासच की!" म्हणाले.

खम्मास म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी कळलं. यूसुफ आम्हाला बनात घेऊन गेला. खाली गहू नाहीतर जनावरांचा चारा, मध्ये डाळिंब, वर खजूर. पाटाने पाणी येतं, पण ते पाणी वाटेल त्याने घ्यायचं नसतं. त्याला मालक असतात. अमक्याची पहाटेची पाळी, तमक्याची दुपारची, आणि ती पाळी विकता येते, मुलीला देता येते, वारशाने येते. जमीन असून पाळी नसेल तर ती जमीन नुसती माती. पूर्वी पाळी मोजायला तळाला भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायचे, ती बुडली की पाळी संपली. आपल्याकडे मुहूर्तासाठी घंगाळात घटिकापात्र सोडायचे, तेच! मिलिंदला केवढा आनंद झाला. आता मोबाईल बघतात.

आणि हे सगळं राबून पिकवणारे ते खम्मास. पाचातला एक वाटा त्यांचा. झाड मालकाचं, माती मालकाची, पाणी मालकाचं, राबणारे हात ह्यांचे. हे लोक बहुतेक काळ्या वर्णाचे. त्यांना हरातीन म्हणतात, आणि हा शब्द त्यांच्या तोंडावर म्हणू नका, असं यूसुफने बजावलं. तो स्वतः त्यांच्यातलाच. "आमचे लोक इथे किती पिढ्या आहेत ते कोणी सांगू शकत नाही," तो म्हणाला. "पण विचारलं तर अजून म्हणतात, हे बाहेरून आलेले. लग्नात ढोल आम्ही वाजवायचे, विहीर आम्ही खणायची. मुलगी मात्र मागायची नाही."

मी मान हलवत होते. मान हलवायला काय जातं! माझ्या माहेरी, चिपळूणकडे, आमचीही जमीन होती, ती कूळकायद्यात गेली. लहानपणापासून ऐकतेय. काका अजून म्हणतात, "आयतं मिळालं त्यांना." यूसुफ बोलत होता तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ज्याला मिळाली त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. घरात कोणी कधी घेतलंच नाही. तो नुसता 'कूळ'. यूसुफला मी हे सांगितलं नाही.

बनाच्या कडेला, जिथून वाळू सुरू होते तिथे, मबारक भेटला. यूसुफचा मामा. पन्नाशीचा असेल, उंच, फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून उभा. त्याच्याभोवती कोवळ्या खजुरींची एक पट्टी होती, माझ्या डोक्याच्या थोड्या वर गेलेली झाडं, आणि प्रत्येकाला दोन-तीन घोस, त्यांवर जाळीच्या पिशव्या बांधलेल्या.

त्या पट्टीची गोष्ट यूसुफने सांगितली. नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. जुनी झाडं रोगाने मेली तेव्हा हाजींनी ही पट्टी मबारकला लावायला दिली. तोंडी करार, पंचांसमोर. मबारकने फुटवे आणायचे, लावायचे, जगवायचे. झाडं फळाला आली की अर्धी झाडं, त्यांच्याखालची जमीन आणि त्यापुरती पाण्याची पाळी मबारकची. आठ वर्षं झाली. पहिल्या वर्षांतले घोस झाडाला जोर यावा म्हणून कोवळे असतानाच छाटून टाकायचे असतात, ते त्याने छाटले. ह्या वर्षी प्रथमच पिकू दिले. येत्या रविवारी पंच येणार, मालक पहिला घोस स्वतःच्या हाताने कापणार, दोघं एकेक खजूर खाणार आणि वाटणी होणार.

"आणि तोपर्यंत?" मी विचारलं.

"तोपर्यंत एकही खजूर कोणी खायचा नाही. मामाने तर नाहीच. मालकाच्या आधी खाल्लं तर करार मोडला."

"आमच्या घराण्यात जमीन असलेला तो पहिला असेल," यूसुफ म्हणाला, आणि आम्ही काय बोलतोय ते त्याच्या मामाला कळलं असावं, कारण तो लाजला आणि उगाच पाटातली माती सारखी करायला लागला. मला तो फार आवडला.

शुक्रवारी सकाळी मिलिंद आणि मी दोघंच फिरायला गेलो. यूसुफला गाडीचं काम होतं. मबारक पट्टीत होताच. भाषा एकमेकांना कळत नाही, म्हणून दोघांकडून नुसतं हसणं, छातीवर हात. त्याने आम्हाला ओट्यावर बसवलं. द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं, चहाची किटलीसुद्धा नव्हती. त्याने इकडेतिकडे पाहिलं. एका बुंध्याशी, पिशवीतून निसटलेला एक खजूर पडला होता. त्याने तो उचलला, सदऱ्याला पुसला, आणि दोन्ही हातांनी मला दिला.

मला आदल्या दिवशीचं सगळं आठवत होतं. नव्हतं असं नाही. पण मनात म्हटलं, पडलेला तर आहे, झाडावरचा थोडाच आहे. आणि समोरच्याने प्रेमाने दिलेल्याला नको म्हणायचं, हे आपल्या रक्तात नाही. मिलिंदला अर्धा देऊ केला, त्याने मानेनेच नको म्हटलं. मी तोंडात टाकला. त्याच वेळी मोबाईलवर पट्टीचा व्हिडिओ काढत होते. मबारक माझ्या तोंडाकडे बघत होता. मी अंगठा वर केला.

शुक्रवारी दुपारी तिथे घरोघरी कुसकुस असतो, म्हणजे वाफवलेला जाड रवा, सात भाज्यांचा, एकाच परातीतून खायचा. हाजी, अनस, यूसुफ आणि आम्ही दोघं बसलो होतो. आपल्यासमोरचा भोपळा हाजी स्वतःच्या हाताने माझ्या बाजूला सरकवत होते, इतके अगत्यशील. जेवणानंतर त्यांनी खजुराची थाळी पुढे केली आणि विचारलं, "आमचे खजूर कसे वाटले?"

आता माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते ऐका. मला वाटलं, रविवारी वाटणी आहे, त्याआधी मालकाच्या कानावर मबारकबद्दल दोन चांगले शब्द घालावेत. बाहेरचं माणूस बोललं की वजन पडतं. शहाणपणा! मी म्हटलं, "हे छान आहेतच, पण तुमच्या नव्या पट्टीतला सकाळी खाल्ला, मधासारखा होता. मबारकने पोटच्या पोरांसारखी वाढवलीत झाडं. पूर्ण फळाला आलीत, मी साक्ष देते."

मिलिंदने परातीखालून माझ्या गुडघ्याला हात लावला. भाषांतर यूसुफ करायचा. तो अरबीत काहीतरी म्हणाला, आणि ते फारच थोडं होतं. पण अनसला इंग्रजी येतं. त्याने मान वर केली आणि वडिलांना सगळं सांगितलं, सावकाश, एकेक शब्द.

हाजींचा चेहरा बदलला नाही. त्यांनी हात पुसले आणि अनसमार्फत मला विचारलं, "कोणी दिला?"

"खाली पडला होता," मी म्हटलं.

"हो. पण कोणी दिला?"

उत्तराची गरजच नव्हती.

अनसला त्या पट्टीत पोहण्याचा तलाव असलेलं अतिथिगृह बांधायचं होतं, ते त्यानेच आम्हाला पहिल्या दिवशी उत्साहाने सांगितलं होतं, वाळूकडे तोंड करून खोल्या वगैरे. मी तेव्हा म्हटलं होतं, "व्वा, मस्त चालेल." कशाकशाला व्वा म्हणते मी!

तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर अंगणात चार म्हातारे पंच जमले. गालिचावर बसले, चहा आला. मबारकला बोलावणं गेलं. तो आला, चपला बाहेर काढल्या आणि दाराशी, गालिचा संपतो तिथे उभा राहिला. बस असं त्याला कोणी म्हटलं नाही आणि तोही बसला नाही. आम्हाला खुर्च्या दिल्या होत्या.

मी मिलिंदला म्हटलं, "मी खोटं बोलणार आहे." तो म्हणाला, "बोल."

मी उभी राहिले आणि इंग्रजीत मोठ्याने सांगितलं, "ह्याने दिला नाही. मीच उचलला, मीच खाल्ला. हा तिथे लांब काम करत होता, त्याला माहीतही नव्हतं. चूक माझी." यूसुफने ते इतक्या घाईने अरबीत सांगितलं की त्याला धाप लागली. पंचांपैकी एकाने मान डोलावली. मला वाटलं, सुटलो.

मबारकने भाच्याकडे बघून काहीतरी विचारलं, बहुधा मी काय म्हणाले ते नीट. मग त्याने डोकं हलवलं आणि बोलला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच सलग ऐकला. अनसने आम्हाला सांगितलं, आणि सांगताना त्यालाही जरा अवघडल्यासारखं झालेलं दिसलं:

"तो म्हणतो, नाही. मी माझ्या हाताने दिला. ती आमच्याकडे पाहुणी आहे. तिने चोरून खाल्लेलं नाही."

एका पंचाने ग्लास खाली ठेवला. हाजी मबारकला म्हणाले, "तू खरं बोललास," आणि ते त्यांनी आदराने म्हटलं, हे मला सांगायलाच हवं. निकाल नंतर देऊ म्हणून सगळे उठले. मबारक दारातून गेला तेव्हा मी समोर उभी होते. त्याने छातीवर हात ठेवला, नेहमीसारखा. मी रडले. माझ्या रडण्याचा त्याला काय उपयोग!

दुसऱ्या सकाळी यूसुफने आम्हाला झागोराला सोडलं. अर्धा रस्ता झाला. मग म्हणाला, "मॅडम, मी तुम्हाला आदल्याच दिवशी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस."

"मग?"

"मला वाटलं मी त्याचं भलं करतेय."

"तुम्ही हाजींच्या गालिचावर बसून त्याचं भलं करत होतात," तो म्हणाला. गाडी चालवताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

थोड्या वेळाने मीच विचारलं, "तो गप्प का राहिला नाही? मी घेतला होता अंगावर."

"पाहुणीला चोर ठरवून जमीन घ्यायची? मग त्या जमिनीवर उभा राहिला असता का तो? आमच्याकडे दुसरं काय आहे? शब्द आहे. त्यांच्याकडे कागद असतात." मग त्याने रेडिओ लावला.

परतीच्या प्रवासाचं लिहिण्यासारखं काही नाही. तोच घाट, तेच बाक. माराकेशच्या बाजारात मिलिंदने लेकीसाठी चामड्याची पर्स घेतली, घासाघीस न करता, सांगितलेल्या किमतीला.

सेंगकांगला येऊन पाच आठवडे झाले. लोक विचारतात, कशी झाली ट्रिप? मी म्हणते, छान, खूप वेगळा अनुभव. काय सांगणार? मंडळाच्या दिवाळीत एकीने विचारलं, आम्हीही जावं म्हणतोय, काही टिप्स? तर ह्या घ्या. सुती कपडे न्या, रोख न्या, घाटाआधी खाऊ नका. आणि एका घरी काय खाल्लंत ते दुसऱ्या घरी सांगू नका, कितीही चांगलं असलं तरी. चांगलं असेल तर मुळीच नका. आपल्याला वाटतं आपण पाहुणे, आपलं काय! पण आपण ज्याच्या घरी उतरतो त्याच्या बाजूला आधीच बसलेलो असतो, आणि आपल्या तोंडून निघालेलं त्याच्याच कामी येतं.

निकाल मागच्या आठवड्यात कळला, यूसुफच्या मेसेजवरून. करार मोडला असं ठरलं. पंचांनी मबारकला मजुरी म्हणून काहीतरी द्यायला सांगितलं, ते हाजींनी लगेच दिलं. मबारकने पट्टी सोडली, आणि पाचव्या वाट्याचं कामही सोडलं. अगादीरकडे कुणाच्या तरी टोमॅटोच्या शेडमध्ये रोजावर गेलाय, प्लॅस्टिकखाली. यूसुफने लिहिलंय की पंचांना फारसा विचार करावा लागला नाही, कारण परदेशी बाईची साक्ष होती, आणि तिचा ह्यात काही स्वार्थ नव्हता.

मी त्याला लांबलचक लिहिलं. माफी मागितली, मबारकला काही पाठवता येईल का विचारलं. उत्तर दोन दिवसांनी आलं. "पैसे नको म्हणतो. पण त्याने तुम्हाला एक विचारायला सांगितलंय. तो खजूर कसा होता? त्याने त्या झाडांचा एकही खाल्लेला नाही, म्हणून विचारतो. गोड होता की चोथा जास्त होता? ते फुटवे त्याने दुसऱ्या गावाहून पाठीवर आणले होते. जात चांगली निघाली की नाही, एवढंच त्याला कळायला हवंय."

मी मोबाईल घेऊन बसले. आठवायचा खूप प्रयत्न केला. तो व्हिडिओ काढून पाहिला. त्यात झाडं दिसतात, वाळू दिसते, आणि माझं बोलणं ऐकू येतं, तोंड भरलेलं असताना मी मिलिंदला सांगतेय की जरा बाजूला हो, फ्रेममध्ये येतोयस. चव काही केल्या आठवत नाही. जेवताना मधासारखा म्हटलं ते म्हणायचं म्हणून म्हटलं होतं.

मिलिंदने विचारलं, "काय लिहिणार?"

मी लिहिलं, फार गोड होता.